नाताळच्या कागदातलं प्रकाशन

ग्रंथालयाच्या दारावर माझा फोटो आणि खाली 'आयरिश बालकादंबरीकार' असं छापलेलं पाहून माझे सासरे इतके हसले की त्यांना ठसका लागला. माझ्या पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनासाठी ते मुद्दाम नागपूरहून इथे आयर्लंडला आले होते. "आयरिश? हे तं आपली सीताबर्डीची पोरगी आहे ना बापा," ते म्हणाले. मीही हसत सुटले. दिवसा लिक्सलिप गावातल्या ऑफिसात सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि जाता-येता ट्रेनमध्ये मुलांसाठी गोष्टी लिहायच्या, या उद्योगाला करिअर म्हणायची माझी तरी छाती नव्हती.

मला धास्ती होती ती एकाच वाचकाची, आणि ती आमच्या घरातच राहत होती. अकरा वर्षांच्या माझ्या लेकीसाठीच मी हे पुस्तक लिहिलं होतं, पण ती त्याला हात लावायला तयार नव्हती. गोष्टीतली मुलगी आमच्याच ॲडम्सटाउनला राहते, डब्यात साबुदाण्याची खिचडी नेते. म्हणजे ती मीच, आता सगळ्या वर्गाला कळणार, असं तिने मला तिच्या इंग्रजीत ठणकावलं होतं. "आय'ल बी मॉर्टिफाइड, आई." मी वरवर इथल्यासारखं 'ग्रँड', म्हणजे 'ठीक आहे', म्हणून मोकळी झाले, पण मला ते फार लागलं होतं.

इथलं प्रकाशन म्हणजे प्लास्टिकच्या पेल्यातून वाइन, सँडविचेस, कोणाचे तरी चार शब्द आणि टेबलावर मांडलेली पुस्तकं लोकांनी विकत घ्यायची. ती मांडलेली पुस्तकं पाहून सासऱ्यांचा चेहरा पडला. "प्रकाशनाच्या आधीच पुस्तक उघडं? असं कुठं असते?" मी घाईत होते. "बाबा, तुम्हाला हवं तसं करा," म्हणाले आणि माझ्या संपादिकेला आणायला स्टेशनवर गेले. तिची गाडी नेमकी लेट.

परत येऊन पाहते तर टेबलावरची झाडून सगळी पुस्तकं नाताळच्या कागदात बांधलेली. कागदावर टोपीवाले बर्फाचे बुवा, आणि महिना जून. ग्रंथपालबाईंनी प्रेसमधून, म्हणजे इथल्या बोलीत कपाटातून, जो मिळाला तो कागद काढून दिला होता, वर मदतीलाही बसल्या होत्या. प्रमुख पाहुण्यांपुरतं एक पुस्तक बांधून भागलं असतं, पण बाकीची उघडी राहिली तर प्रकाशन कसलं, असा सासऱ्यांचा सवाल होता.

लोकांना वाटलं, ही आमच्याकडची रीत, पाहुण्यांना भेट द्यायची. एक आजीबाई "अरे, कशाला एवढं" अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटल्या. सासऱ्यांना इंग्रजी कळलं नाही, पण संकोच बरोबर कळला. त्यांनी दोन्ही हातांनी पुडकं आजीबाईंच्या हातात ठेवलं आणि नमस्कार केला. मग रांगच लागली. पुस्तकवाला कार्डाचं मशीन धरून बघत उभा. काय चाललंय असं संपादिकेने हळूच विचारलं, तर मला सांगताच येईना, इतकं हसू येत होतं. माझं भाषणही निम्मं हसण्यातच गेलं.

घरी निघालो तेव्हा टेबल रिकामं झालं होतं. लेक मागच्या सीटवर होती आणि तिच्या मांडीवर आजोबांनी दिलेलं पुडकं. आजोबांना नाही म्हणायची तिची टाप नाही. थोड्या वेळाने कागद फाटल्याचा आवाज आला. बाहेर अजून लख्ख उजेड होता. मी आरशात मुद्दामच पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिने पुस्तक मिटून ठेवलं असतं. मग पान उलटल्याचा आवाज आला, आणि एकदम फिस्सकन हसू फुटलं. आनंदाने मला रडूच यायला लागलं.

आमची गल्ली आली. मी इंडिकेटर दिला.

"डोन्ट स्टॉप, आई. चॅप्टर संपला नाहीये," मागून आवाज आला. निम्मं तरी चक्क मराठीत.

मी इंडिकेटर बंद केला आणि पुढच्या गोलचक्करला वळसा घातला. मग आणखी एक. सासरे दाराची मूठ घट्ट धरून म्हणाले, "सूनबाई, घर तं मागं राहिलं."

"राहू द्या, बाबा," मी म्हटलं, आणि तिसऱ्यांदा वळले.