हिवाळी लीगची चौथी टीम

टेक्सासमधल्या आमच्या शुगर लँडमध्ये बेसबॉल खेळावा तो हिवाळ्यातच. उन्हाळ्यात इथे मेलबॉक्सपर्यंत गेलं तरी चष्म्यावर वाफ जमते. म्हणून आजूबाजूच्या गावांनी मिळून एक हिवाळी लीग चालवली होती, नोव्हेंबर ते जानेवारी, दर शनिवारी सकाळी. खेळणारे सगळे मोठे, नोकरीधंद्याचे: शाळामास्तर, मेकॅनिक, अग्निशमन दलातले लोक. मैदान आमच्या घरामागच्या नाल्यापलीकडे. आम्ही राहायला आलो तेव्हा आठ टीम होत्या. बॅटचा पहिला ठोका ऐकू आला की मी समजायची, नऊ वाजले, आता नवऱ्याला उठवायला हरकत नाही.

मग खेळाडू म्हातारे झाले, त्यांची मुलं दुसरीकडे गेली. आठाच्या सहा टीम झाल्या, सहाच्या चार, आणि कोविड आला तेव्हा तीनच उरल्या. लीग धरून ठेवली होती एका माणसाने. निवृत्त इतिहासशिक्षक, पंच्याहत्तरी ओलांडलेले, घरी एकटे. सगळे त्यांना कोच म्हणत, म्हणून मीही. खुब्याचं ऑपरेशन झालेलं असूनही शनिवारी सात वाजता ते फक्कीची ढकलगाडी घेऊन मैदानावर पांढऱ्या रेघा आखत. रेघ वाकडी गेली की पुसून पुन्हा आखत. तीन टीमसाठी एवढी मेहनत कशाला, असं मी त्यांना तोंडावर विचारलंही होतं. माझ्या तोंडाला फाटक नाही, हे आमच्या मराठी मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे.

आमची ओळख आई गेली त्या हिवाळ्यातली. ती नागपूरला वारली, आणि विमानं बंद असल्यामुळे मी सगळं फोनवर पाहिलं. नंतर घरात बसवेना, म्हणून मैदानावरच्या रिकाम्या बाकावर जाऊन बसायची. तिसऱ्या शनिवारी कोचनी स्कोअरबुक आणि पेन्सिल माझ्या मांडीवर ठेवली. स्कोअर लिहिणारा गाव सोडून गेलाय, एवढंच म्हणाले. त्या पेन्सिलीने मला त्या हिवाळ्यातून बाहेर काढलं.

स्कोअर लिहिणं मला नवं नव्हतं. नागपूरला वडिलांच्या क्लबच्या क्रिकेट मॅचेसची वही मीच लिहायची. मी कोचना सांगितलं की आमच्याकडे ज्या चेंडूवर काहीच घडत नाही, धाव नाही की आऊट नाही, त्याचाही एक ठिपका मांडतात. त्यांना ते फार आवडलं. बॅट्समन उभा आहे, खेळ पुढे चालू, असंच ना, असं त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

दोन वर्षांपूर्वी, ऑक्टोबरमध्ये, मैदानं वाटून देणाऱ्या ऑफिसचं पत्र आलं. चार टीम नसतील तर ती लीग धरली जाणार नाही, आणि शनिवारची मैदानं दुसऱ्या कोणाला तरी जातील. कोचनी पत्राची घडी खिशात घातली आणि मला सांगितलं की लीग बंद पडली तर ते घर विकून ओहायोला मुलीकडे जातील. तिकडे त्यांना करमणार नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. पण इथे राहून शनिवारी सकाळी उठून करायचं काय, हा त्यांचा प्रश्न होता. त्या दिवशी मी घरी येऊन रडले.

त्याच आठवड्यात मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता. पुरुषमंडळी बटाटेवड्यांच्या ट्रेभोवती उभी राहून नेहमीप्रमाणे क्रिकेट खेळत होती, म्हणजे तोंडाने. यातले निम्मे दर रविवारी पार्किंग लॉटमध्ये टेनिस बॉलने खरंच खेळतात. मी मध्ये जाऊन म्हटलं, "मला बारा नावं हवीत. बेसबॉलसाठी."

किडनीचे डॉक्टर असलेल्या काकांनी गुडघा पुढे केला. नवऱ्याने पाठ. मी म्हटलं, एका माणसाला गाव सोडावं लागतंय आणि तुम्ही मला एक्स-रे दाखवताय. मग आमच्या नागपूरचाच एक सॉफ्टवेअर इंजिनीअर, रविवारचा फास्ट बॉलर, म्हणाला, काकू, लिहा माझं नाव. एकाने लिहिल्यावर बाकीच्यांना पळता येईना.

कोचनी त्यांना शिकवायला घेतलं आणि ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी ठरलं. आमच्या फास्ट बॉलरला पिचर केलं, तर त्याचं कोपर वाकेना. कोपर वाकवून चेंडू फेकला की क्रिकेटमध्ये बॉलरची अब्रू जाते. "काकू, हे प्युअर चकिंग आहे, मला गिल्टी फील होतं," असं तो मला बाजूला घेऊन सांगायचा. त्याहून मोठी अडचण म्हणजे आमचे लोक चेंडू मारून जागच्या जागी उभे राहत. क्रिकेटमध्ये धाव घ्यायची की नाही ते आपल्या मर्जीवर. इथे चेंडू पुढे गेला की पळावंच लागतं, मारणाऱ्यालाही आणि पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर, थांबलेल्यालाही. कोच समजावत राहिले, हे मान डोलावत राहिले, आणि शनिवारी पुन्हा बॅट धरून पुतळे. मी वहीत प्रत्येकाच्या नावापुढे आऊट लिहायची आणि गाडीत बसल्यावर नवऱ्याला ऐकवायची.

आम्ही सगळ्या मॅचेस हरलो. पण बायका थर्मास घेऊन येऊ लागल्या, पलीकडच्या टीमच्या बायकांनी मक्याच्या पिठाचे वाफवलेले तमाले आणले, आणि बाकांवर जागा धरायला रुमाल टाकावे लागले.

शेवटच्या मॅचला एकजण लग्नासाठी पुण्याला गेलेला, दोघांना फ्लू, आणि नवऱ्याची मांडी धरलेली. उरले आठ. नऊ नसतील तर मॅच रद्द, आणि एक जरी मॅच रद्द झाली तर ऑफिस आमची टीम धरणार नव्हतं. म्हणजे लीगही नाही. कोच आखलेल्या रेघांकडे बघत उभे होते. मी वही त्यांच्या हातात दिली आणि नवऱ्याचं हेल्मेट मागितलं.

"अगं, लागेल," नवरा म्हणाला.

"लागू दे," मी म्हटलं.

माझी पाळी आली तेव्हा डॉक्टरकाका पहिल्या बेसवर होते. समोरचा पिचर अग्निशमन दलातला, सज्जन माणूस. त्याने हळू टाकलेल्या दोन चेंडूंवर मी नुसतीच हवेत बॅट फिरवली. तिसरा बॅटला लागला आणि सरपटत त्याच्याकडेच गेला. डॉक्टरकाका पळत सुटले. आणि मी, वडिलांची मुलगी, हात वर करून ओरडले, "नको, नको!" काका आज्ञाधारकपणे परत फिरले. मी क्रीजमध्ये, म्हणजे होम प्लेटवर, बॅट टेकवून उभी. दोघेही एकाच चेंडूवर आऊट. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. अख्खं मैदान हसलं, नवरा सगळ्यांत जास्त.

मॅच हरलो, पण ती पूर्ण झाली. चार टीम, सगळ्या मॅचेस, ऑफिसला बोलायला जागा उरली नाही. सामान आवरताना मी वही उघडली. काकांच्या चौकोनात कोचनी आऊट लिहिलं होतं. माझ्या चौकोनात फक्त एक ठिपका होता.

मी त्यांच्याकडे गेले आणि सांगितलं की हे चूक आहे, मी आऊट झाले, सगळ्यांनी पाहिलं.

त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. "पुढच्या हिवाळ्यात दुरुस्त करू," ते म्हणाले, आणि फक्कीची गाडी झाकून ठेवायला गेले.

पुढच्या हिवाळ्यात पाच टीम आल्या. पहिल्या शनिवारी सात वाजता मी चहा घेऊन मैदानावर गेले, तर कोच एक रेघ पुसून पुन्हा आखत होते. दुरुस्तीची आठवण मी त्यांना मुद्दामच करून दिली नाही.