ओठ हलवणारी मुलगी

डिसेंबरचा दुसरा गुरुवार. काम : धुळ्यात सातवीच्या मुलांना इंग्रजी डिक्टेशन देणे. मी जळगावची शिक्षिका, स्पेलिंग स्पर्धेची परीक्षक म्हणून गेले होते. पहिल्या पाच मुलांची जिल्ह्याच्या फेरीसाठी निवड होणार होती.

सगळे शब्द होमोफोन होते. म्हणजे उच्चार एक, अर्थ वेगळा, स्पेलिंग वेगळं. नुसतं 'हिअर' म्हटलं तर मुलानं 'इथे'चं स्पेलिंग लिहायचं की 'ऐकणे'चं? म्हणून आधी शब्द, मग वाक्य, मग पुन्हा शब्द, असं मी वाचते. "हिअर. प्लीज सिट हिअर. हिअर."

सहाव्या शब्दाला सुपरवायझरनं एका मुलीचा पेपर काढून घेतला. हे तिथलेच मुख्याध्यापक, सगळे त्यांना आबा म्हणतात.

"मॅडम, ही शेजारणीला सांगतेय."

"काय सांगतेय?"

"ऐकू नाही आलं. पण ओठ हलले."

"आबा, ओठ माझेही हलतायत. माझा पेपर घेणार का?"

आबा हसले नाहीत. पेपर गेला म्हणजे मुलगी फेरीतून बाद. पल्लवी नाव तिचं. रडली नाही, पेन घट्ट धरून उभी राहिली. मी विचारलं, "काय पुटपुटत होतीस?"

"तुमचं वाक्य, मॅडम. आमनी भाषामा. आठे बस. मंग स्पेलिंग सापडस. सर म्हनतस, पहिले आपली भाषामा बोला, मंग लिखा."

'आठे' म्हणजे अहिराणीत 'इथे'; अर्थ कळला की स्पेलिंग कोणतं ते ठरतं. तिच्या शाळेची सवयच ती. वर्गात मोठ्यानं म्हणायचं, परीक्षेत मनात. हिला मनातलं ओठांवाटेच जमत होतं.

हॉलमधलं डिक्टेशन संपवून मी तिला व्हरांड्यात नेलं, भिंतीकडे तोंड करून बसवलं, नवे दहा शब्द दिले. आबा मागे उभे राहिले. ओठ पूर्ण वेळ हलत होते. दहापैकी दहा बरोबर.

"बरोबर आलं," आबा म्हणाले, "पण बडबड तर केली ना?"

"बडबडीला मार्क नाहीत, आबा. मग कापायचे कुठून?"

त्यांनी पेपर परत दिला. हॉलमधले उरलेले शब्द मी तिला तिथेच वाचून दाखवले. संध्याकाळी पाच जणांत तिचं नाव लागलं.

शांतता तपासायला सोपी असते, म्हणून आपण तीच तपासतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जळगावला माझ्या सातवीला मी बोलत बोलत डिक्टेशन लिहायला लावलं. शेजारच्या वर्गातून तक्रार आली. मी दार लावून घेतलं.