टाकीच्या तोंडाशी उभे सर

कॅप्टन सेतुमाधवराव यांची आणि माझी पहिली भेट नुंगंबाक्कमच्या कार्यालयात, मुलाखतीच्या वेळी झाली. मी रत्नागिरीची, जहाजावरची नोकरी सोडून, सर जिथे शिकवत त्या चेन्नईच्या सागरी प्रशिक्षण महाविद्यालयात शिकवायला येऊ पाहत होते. सरांनी माझी प्रमाणपत्रं बाजूला ठेवली आणि विचारलं, "समुद्रावर सगळ्यांत जास्त भय कधी वाटलं?" इंजिन बंद पडून आमचं जहाज खडकांकडे वाहत गेलं होतं, ती दुपार मी सांगितली. ऐकून सर म्हणाले, "बेस. आतां हेंच पोरांस सांगायचें." तंजावरी घरातली ती जुन्या वळणाची मराठी मी तेव्हा प्रथमच ऐकली.

आमच्या कामात भीती कायमची वस्तीला असते. बाहेरून पाहणाऱ्याला पांढरे गणवेश आणि शिस्तीतली कवायत दिसते. आम्हाला दिसतात ती कोवळी मुलं, जी लवकरच अशा ठिकाणी जाणार असतात जिथे आमचा हात पोचणार नाही. आग विझवायच्या सरावात, लाइफबोट पाण्यात सोडताना एकेका चेहऱ्याकडे पाहून मनात येतं, याला नीट कळलंय ना? कुठल्या जहाजाला आग लागल्याची बातमी आली की शिक्षकांच्या खोलीत सगळे बातमीवर झुकतात. आपली मुलं त्यावर आहेत का, म्हणून आधी जहाजाचं नाव पाहतात.

एक सकाळ मी आजही विसरलेले नाही. आमच्या आवारात जुन्या जहाजाची एक लोखंडी टाकी सरावासाठी बसवलेली आहे. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आत उभी शिडी. बंद टाकीत गंज चढताना लोखंड हवेतला प्राणवायू खाऊन टाकतं. त्या हवेला वास नसतो, रंग नसतो. आत गेलेला माणूस चार-दोन श्वासांत कोसळतो. पावसात कित्येक आठवडे बंद राहिलेली ती टाकी त्या दिवशी नुकतीच उघडली होती. आत ताजी हवा सोडायची बाकी होती. मी पाठीवर बांधायचे हवेचे सिलिंडर तपासत होते. तेवढ्यात सेल्वम नावाचा कॅडेट, सरावात बाहेर काढायचा माणसाएवढा पुतळा नीट ठेवायला म्हणून, कोणाला न विचारता खाली उतरला. आतून धप्पकन आवाज आला.

त्याचा खोलीतला सोबती जॉन टाकीकडे धावला, त्याच्यामागे आणखी काही मुलं. जहाजांवर नेमकं असंच होतं. एकाला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला काढायला तिसरा, आणि सगळे आतच राहतात.

सर टाकीच्या तोंडावर दोन्ही पाय रोवून उभे राहिले. "यारुम इरंगादींग!" ते तमिळमध्ये गरजले. कोणीही उतरू नका! जॉन रडत त्यांच्या छातीवर बुक्के मारत होता. "सार, तो मरेल, सार!" सर तसूभर हलले नाहीत. तिथूनच ओरडून त्यांनी हवेची नळी आत सोडायला लावली आणि मला बोलावलं.

घाईत मला सिलिंडरचा पट्टा लागेना. सरांनी तो लावला. मुखवट्याच्या कडेवरून बोट फिरवून फट राहिली नाही ना, ते पाहिलं. "घाई नको. श्वास घ्या. आणखी एक." तो खाली मरतोय, असं मला किंचाळावंसं वाटत होतं. पण त्यांनी मानेने होकार दिला आणि मगच मी शिडीवर पाय ठेवला.

आत काळोख होता आणि माझ्याच श्वासाची घरघर. टॉर्चच्या उजेडात सेल्वमचे ओठ निळे दिसले. काखेतून दोर घालताना वाटलं, हा गेला. वरच्यांनी त्याला ओढून घेतलं. मी बाहेर आले तेव्हा सरांनी त्याच्या तोंडाला ऑक्सिजन लावला होता आणि तो खोकत होता.

"अस्के बाहेर आले की?" सरांनी विचारलं. अस्के म्हणजे सगळे. मी हो म्हटल्यावर ते तिथेच जमिनीवर बसले.

व्यवस्थापनाच्या बैठकीत काहींनी मुलाच्या आगाऊपणावर बोट ठेवलं. सर म्हणाले, "उघड्या टाकीपाशी माणूस उभा करायचं काम माझं होतं. तो उभा नव्हता." त्यांनी राजीनामा पुढे केला, तो स्वीकारला गेला नाही.

त्या आठवड्यात ते मला घेऊन एन्नोरला, सेल्वमच्या घरी गेले. वडील मासेमारी करणारे. आई सरांना म्हणाली, "परत पाठवायला मला भीती वाटते." आम्हाला वाटलं, सर धीर देतील. ते म्हणाले, "मलाही वाटते, अम्मा. त्यालाच ठरवू दे." सेल्वम परत आला. आज तो एका मालवाहू जहाजावर अधिकारी आहे आणि हवा मोजल्याशिवाय कोणालाही टाकीत उतरू देत नाही.

सर आता पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत; त्यानंतर ते शिकवणं थांबवणार आहेत. पुढच्या तुकडीचा टाकीतला सराव त्यांच्याशिवाय मला घ्यायचा आहे. परवा त्यांच्या घरी मी म्हटलं, "सर, मला झोप लागत नाही."

"बरें आहे," ते म्हणाले. "ज्या दिवशीं निवांत झोप लागेल, त्या दिवशीं मज फोन करा. मी येतों."

सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. तसा फोन मी कधीच करणार नाही. पण पलीकडे तो उचलायला ते असावेत, खूप खूप वर्षं असावेत.