कापामावशीची उडी

आमच्याकडे टेलिफोनवर उशी ठेवलेली असते. हसू नका. पीटर्सबर्गच्या या सामायिक घरात कापामावशीची खोली माझ्या शेजारी, स्वयंपाकघर दोघींत एक. फोन ठेवलेला असला तरी ऐकतो म्हणे. मी कितीदा डाफरले, "अगं मावशी, ते सरकार कधीच बुडालं! आता कोण बसलंय ऐकायला?" मग ती नळ सोडते आणि त्या आवाजात माझ्या कानाशी पुटपुटते, "सरकार बुडालं गं, फान्या. माणसं तीच आहेत."

चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, पण चालते चवड्यांवर. चमचा पडला तरी दाराकडे बघते. नाटकघरात जन्मभर मागच्या रांगेत नाचली, एकदाही पुढची जागा मागितली नाही. पुढे उभं राहिलं की लोक नाव विचारतात, हे तिचं कारण.

मी त्याच नाटकघरात तालमींना पियानो वाजवते. त्या हिवाळ्यात आमच्या दिग्दर्शकाने, रोदियोन ग्लेबोविचने, 'सारसकन्या' हा जुना बॅले काढला. क्रांतीआधी जसा होता तसाच उभा करायचा, ही त्याची जिद्द. संगीत तळघरात सापडलं. समूहनृत्यं कोणीतरी खुणांच्या लिपीत उतरवून ठेवली होती. नेमकं सारसीचं एकटीचं नृत्य तेवढं कुठेच नाही. त्याने डोकं आपटायचं बाकी ठेवलं होतं.

एका दुपारी मी घरी तेच वाजवत होते. दार उघडं होतं. मान वळवली तर स्वयंपाकघरात मावशीने सुरी बाजूला ठेवलेली आणि तिचे दोन्ही हात चिरलेल्या कोबीवर नाचत होते. नाटकघरातले लोक नाच आठवताना पायांचं काम हातांनीच करून बघतात. मी थांबले, तसे हातही थांबले.

"मावशी! तुला येतंय हे?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने नळ सोडला. "मी काही केलं नाही. तू काही बघितलं नाहीस."

मी काय गप्प बसणारी? आठवडाभर तिच्या मागे भुणभुण लावली. शेवटी ती तयार झाली, एका अटीवर: कोणाकडून शिकलीस, हे कोणी विचारायचं नाही.

तिने उल्यानाला नृत्य शिकवायला घेतलं. उल्याना आमची नवी मुख्य नर्तिका, वाऱ्यासारखी पोर. सगळं ठीक चाललं होतं, पण एका जागी संगीतात जोरदार दणका आहे, आणि तिथे मावशी नुसती चवड्यांवर उंच होऊन गप्प उभी राहिली. मला ते खटकलं.

रोदियोन मात्र खूश. "काय संयम! याला म्हणतात जुने लोक! फान्या, तो दणका मागाहून कोणीतरी घुसडलाय. काढून टाका."

मी मावशीकडे बघितलं. ती दाराकडे बघत होती.

घरी आल्यावर नळ बराच वेळ वाहत राहिला. "तिथे उडी आहे," ती म्हणाली. "तिची उडी बघायला लोक यायचे." ती म्हणजे आग्नेसा ओत्तोव्हना, मावशीची शिक्षिका. गुप्त पोलिसांनी नवऱ्याला पकडून नेलं, तसं तिलाही नृत्यशाळेतून हाकललं. तिच्याशी बोलायचीही चोरी. चौदा वर्षांची कापा मात्र लपून तिच्या खोलीवर जायची. लोकरी मोजे घालून, ओठ मिटून गुणगुणत शिकायचं. खालचा शेजारी जरा आवाज झाला की छताला झाडू ठोकायचा, आणि सरकारकडे तक्रारी लिहायचा. "ती म्हणायची, इथे नुसती उंच हो पोरी, उडी नाटकघरात मार. मग तिलाही नेलं. परत आली नाही."

"मग सांगून टाक ना रोदियोनला!"

"सांगितलं की विचारतील, कोणाकडून. मग विचारतील, तिथे अजून कोण यायचं." ती माझा हात घट्ट धरून बसली. आणि खरं सांगते, मीच दुसऱ्या हाताने नळ आणखी मोठा केला. आमच्या आजोबांनाही असंच कोणीतरी विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी तालमीला ती भलीमोठी पिशवी घेऊन आली. "काय मावशी, गावाला निघालीस की काय?" मी चिडवलं. ती हसली नाही.

मी वाजवायला घेतलं. दणक्याची जागा आली आणि रोदियोनने सांगितल्याप्रमाणे मी हात उचलले. त्या शांततेत उल्याना चवड्यांवर उभी राहिली.

"चूक!" मावशी ओरडली. तिचा एवढा मोठा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. "इथे उडी आहे."

रोदियोन गोंधळून मावशीकडे वळला. "पण कापितोलिना येगोरोव्हना, तुम्हीच तर... हे तुम्हाला सांगितलं कोणी?"

तोच प्रश्न. मावशीने दाराकडे बघितलं, मग सरळ उभी राहिली आणि शिक्षिकेचं पूर्ण नाव घेतलं: "आग्नेसा ओत्तोव्हना राइनगार्ट." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "वाजव गं." मी दणका दिला आणि माझ्या या म्हातारीने उडी मारली. जमिनीपासून वीतभर असेल नसेल. दोन्ही पाय धाडकन आदळले.

रोदियोनने नाव लिहून घेतलं, दोनदा विचारून. मग तालीम सुटली. मावशी कोट चढवून, पिशवी मांडीवर घेऊन दाराशी बसली.

"चल ना घरी."

"थांब. आता येतील ते."

मी पिशवीत डोकावले. गरम मोजे, साबण, वाळवलेला पाव. पकडून नेतील म्हणून माणसं असंच सामान बांधून ठेवायची. मीही तिच्या शेजारी बसले.

बाहेर पावलं वाजली. मावशीने डोळे मिटून घेतले. दार उघडलं.

उल्याना होती. धापा टाकत म्हणाली, "बरं झालं, गेला नाहीत! त्या उडीचं मला भारी टेन्शन आलंय. उतरताना आवाज होतो हो माझा."

मावशीने डोळे उघडले. मग तिने पिशवी खाली ठेवली आणि कोटाची बटणं सोडायला लागली.

"होऊ दे," ती म्हणाली. "खाली कोणी राहत नाही."