मागचं दार उघडलं नाही

ह्यांना विसरण्याचा आजार आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवसापासून मी देवाशी बोलणं टाकलं. अमेरिकेत हर्नडनच्या आमच्या घरात देवघर म्हणजे किचनमधलं एक कपाट. ते बंद केलं ते केलंच. इतकी वर्षं दिवा चुकवला नाही, त्याचं हे फळ? जन्मभर रेल्वेचे पूल डिझाइन केलेल्या माणसाला स्वतःच्या घरातली बाथरूम सापडू नये? त्यात मुलीचं टुमणं, "आई, बाबांना डे-केअरला पाठव ना, तूही जरा ब्रेक घे." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा काय पाळणाघरात ठेवायचा? मी ह्यांचा हात सोडणार नाही, असं तिला ठणकावून सांगितलं.

जपानच्या खेड्यापाड्यांतल्या छोट्या रेल्वेगाड्या बघायच्या ही ह्यांची जुनी हौस. आठवण शाबूत आहे तोवर बघून घेऊ, म्हणून मुलगी आम्हाला तिकडे घेऊन गेली. तिथे एके दिवशी तिला ऑफिसचा कॉल होता, तेव्हा आम्ही दोघंच निघालो. एका डब्याची गाडी, दोन्ही बाजूंना भातखाचरं. हे खिडकीला नाक लावून प्रत्येक पुलावर खूश होत होते. आमचं स्टेशन आलं. उतरण्याआधी सीटवर काही राहिलं का ते वाकून बघायचं, ही आईने लावलेली सवय. छत्री, पिशवी, थर्मास सगळं घेतलं आणि मागच्या दाराशी उभी राहिले. दार उघडेचना. तिथे लहान स्टेशनांवर फक्त ड्रायव्हरजवळचं पुढचं दार उघडतं, हे मला कोण सांगणार? हे मात्र लोकांच्या मागोमाग पुढून उतरले. गाडी सुटली तेव्हा मला ते प्लॅटफॉर्मवर दिसले. सामान सगळं घेतलं होतं, नवराच राहिला.

मी ड्रायव्हरपाशी जाऊन मराठीत, इंग्रजीत, हातवारे करून सांगितलं. तो नुसता मान लववत राहिला, गाडी काही थांबवेना. मग ज्याच्याशी अबोला धरला होता त्यालाच फैलावर घेतलं. अजून काय काय नेणार आहेस? ह्यांना इथली भाषा येत नाही, हॉटेलचं नाव आठवत नाही. रुळांवर उतरले तर? बोलता बोलता भांडायची ताकदच संपली. माझा हात आता पोचत नाही, तूच बघ त्यांच्याकडे, एवढंच म्हणाले.

पुढच्या स्टेशनवर उलट्या दिशेची गाडी उभी होती. जाण्यायेण्याला रूळ एकच, त्यामुळे आमची गाडी येईपर्यंत ती थांबलेली. ड्रायव्हरने मला हाताला धरून तिच्यात बसवलं. टाइमटेबलच तसं असतं, असं मुलगी म्हणते. असेल.

मागच्या स्टेशनवर परत आले, तर हे बाकावर बसले होते. स्टेशनातल्या कुंड्यांना पाणी घालायला आलेल्या एक म्हाताऱ्या बाई शेजारी होत्या. आपली गवती टोपी त्यांनी ह्यांच्या डोक्यावर घातली होती आणि ह्यांची बाही घट्ट धरून ठेवली होती. बाकाजवळ लाल कापड बांधलेला एक दगडी देव होता. ह्यांची चुळबूळ सुरू झाली की द्यायला म्हणून मी ह्यांच्या खिशात डिंकाचा लाडू ठेवते. तो अर्धा बाईंच्या हातात होता, अर्धा देवापुढे. मी ज्याला घरी उपाशी ठेवलं होतं, त्याला ह्यांनी परमुलखात नैवेद्य दाखवला होता.

"अगं, कुठे हरवली होतीस?" हे माझ्यावरच रागावले.

मी बाईंच्या पाया पडले. त्या बिचाऱ्या गोंधळून माझ्याहून खाली वाकल्या.

ह्या आजारावरचा माझा राग गेलेला नाही, आणि मी ते देवाला रोज तोंडावर सांगते. आता दिवा लावून सांगते. सकाळी डे-केअरची व्हॅन येते. पहिल्या दिवशी माझ्याने हात सोडवेना. ड्रायव्हरने आपला हात पुढे केला, ह्यांनी तो धरला आणि हे चढले. माझा हात रिकामा झाला तेव्हा मला त्या बाईंची मूठ आठवली, आणि मी घरात आले.

संध्याकाळी दारात पाऊल ठेवताच हे दरडावून विचारतात, "कुठे हरवली होतीस?"

"इथेच होते," मी म्हणते. मग आम्ही दोघं मिळून देवापुढे लाडू ठेवतो.