पाचव्याचं पाणी

"राब सरळ रेघेत भाजायचा न्हाई रं, वाकडा भाजायचा." उमेश सात वर्षांचा असताना सरूबाईनं त्याला हे एकदाच सांगितलं होतं. का, ते सांगायला तिला आणखी तीस वर्षं लागली.

तिकोणा पेठेच्या वरच्या अंगाला, जिथून पवनेचं पाणी दिसतं त्या पठारावर त्यांची सहा घरांची वाडी. सरूबाई उमेशची आत्या. नवरा लवकर गेला, मूल झालं नाही. ती माहेरी परतली आणि भावाचं पोर तिनं वाढवलं. उन्हाळ्यात करवंदं द्रोणात भरून लोणावळ्याच्या रस्त्यावर विकायची, पावसाळ्यात भात लावायची. भाताचं बी टाकण्याआधी जमिनीवर शेण, पाला, फांद्या पसरून जाळतात, तो राब. सगळ्यांचे राब दोरी लावल्यासारखे ओळीत. हिचा एक इकडं तर दुसरा तिकडं.

"सरूबाई, पिऊन भाजला काय गं राब?" लोक विचारायचे.

"व्हय. तुज्याच घरची पिले."

पठारावर तळेगावच्या वल्लरी मॅडमनी तंबू ठोकले, काजवे बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी. उमेशला देखरेखीचं काम मिळालं. तंबूंपासून टेकडीच्या पायथ्यापर्यंत मॅडमनी सौर दिवे रोवून घेतले. बारा दिवे, एका ओळीत. ते बघून आल्यावर सरूबाई चुलीपुढं बसली आणि तिनं उरलेलं सांगितलं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं. तिचा बाप येसू तेव्हा विशीतला होता. वैशाखातली तिन्हीसांज, वारा पडलेला. त्यानं पठारभर एका ओळीत राब पेटवले आणि घाटाकडून सैन्याचं मालवाहू विमान आलं. एक पंखा बंद. धुरात वैमानिकाला ती जळती ओळ तेवढी दिसली असावी. तिला धावपट्टी समजून त्यानं विमान खाली घातलं. पोटावर घासत, एकेक राब विझवत ते शेवटच्या राबापाशी थांबलं.

येसू कळशी-तांब्या घेऊन धावला. शिपाई एकेक करून उतरले, पाणी प्याले. पाच जण. चौघांनी तांब्या रिकामा करून दिला. पाचवा पुष्कळ वेळ पीत राहिला, पण त्याच्या हातून तांब्या परत आला तो काठोकाठ भरलेला. मग तो टेकडीकडं चालत गेला. दुसऱ्या दिवशी साहेब आले. विमानात चारच माणसं होती, म्हणाले. विमानाचे तुकडे करून बैलगाड्यांवर लादून नेले. एक पत्रा येसूनं मागून घेतला.

पुढं दरसाल राबाच्या दिवसांत टेकडीवरून कुणीतरी पाणी मागतंय असं येसूला ऐकू यायचं. तेराव्या वर्षी त्यानं मुद्दाम सरळ ओळीत राब पेटवले. विमान परत यावं आणि आपलं माणूस घेऊन जावं, एवढंच त्याला हवं होतं. पेटत्या राबांच्या कडेनं तो तांब्या घेऊन गेला. दहा वर्षांची सरू दारातून बघत होती. सकाळी तांब्या तेवढा सापडला. भरलेला.

"दिवं वाकडं कर," ती उमेशला म्हणाली.

"मॅडमनी दोरी धरून लावलेत, आत्या. हात लावला तर कामावरनं काढतील."

"काढू दे. जित्ता तर ऱ्हाशील."

"काळ कुटला, तू बोलतीस काय."

पहिले पाहुणे आले त्या दिवशी, चुलीवरची भाकरी करायला मीच येते, म्हणाली. वाऱ्याला आडोसा म्हणून तोच विमानाचा पत्रा तिनं डोक्यावरून आणला.

दिवस मावळताना गाडी आली. पाच जण उतरले. पाचवा मागं रेंगाळला. त्याच्याकडं सामान नव्हतं. उमेशनं बटण दाबलं, बारा दिवे लागले. काजवा एकही दिसेना.

वारा पडलेला असूनही चुलीमागचा पत्रा थरथरायला लागला. मग वरून घरघर आली.

"विमान लोहगावला चाललं असेल," मॅडम म्हणाल्या. सगळ्यांनी वर पाहिलं. आभाळात काही नव्हतं. घरघर दिव्यांच्या ओळीवरून गेली आणि टेकडीपाशी बंद झाली.

उमेशनं पाण्याचा ट्रे फिरवला. मॅडम हसल्या. "उमेश, पाच ग्लास कुणाला? चौघंच आहेत ना."

चार ग्लास रिकामे होऊन परत आले होते. पाचव्याच्या काठावर ओठांची ओल होती आणि तो भरलेला होता.

"ते पाचवे पाहुणे तिकडं गेले," उमेश टेकडीकडं बघत म्हणाला. त्याला त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. शेवटच्या दिव्यापाशी तो माणूस उभा होता, अगदी स्पष्ट, आणि हात ओठांशी नेऊन पाणी मागत होता. "तहानलेत. देऊन येतो."

तो ग्लास उचलून निघाला. चार पावलं गेला असेल, तोच मनगटावर पिठानं माखलेला हात पडला.

सरूबाईनं त्याच्या बोटांतून ग्लास सोडवून घेतला. दुसऱ्या हातानं खांदा दाबून त्याला चुलीपाशी खाली बसवलं, तो लहान असताना बसवायची तसं. उमेशला उठायचं होतं. पाय उठेनात. तव्यावरची भाकरी तिनं उलटली, पदर खोचला, आणि पाणी सांडू न देता, एकेका दिव्याच्या कडेनं ती टेकडीकडं निघून गेली.