वत्सलाकाकूंनी धुतलेल्या बाटल्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की हासुद्धा भित्रेपणाच?

मी इंझोरीचा. वाइनचं काम शिकायला नाशिककडच्या डोंगरात गेलो होतो. तिथं काही घरांची स्वतःची छोटी वायनरी असते — मागे द्राक्षबाग, पडवीत पिंपं, राबणारे नवराबायको. चार घरं हिंडून शेवटी भास्करकाकांकडे राहिलो. मला तिखट लागतं म्हणून वत्सलाकाकू रोज वेगळा ठेचा करायच्या.

माझ्या गळ्यात तुळशीची माळ. तिथं मी शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं ठेवायचो. आई फोनवर विचारायची, "कायचं काम करून राह्यला तू तिथं?" मी सांगायचो, ज्यूसच्या कारखान्यात आहे. आणि काकांना सांगायचो की मी चव घेतो. खरं तर ग्लास नुसता ओठाला लावायचो आणि त्यांची पाठ फिरली की मोरीत ओतायचो. दोन घरं, दोन थापा, मधे मी.

कोरोनात काकांचा वास गेला, चवही गेली, ती परत आलीच नाही. बाहेर कळलं तर माल कोण घेईल? म्हणून ते फक्त काकूंना आणि मला ठाऊक. काकू पीत नसत. मग पिंप बाटल्यांत भरायचं की नाही, हे कोण ठरवणार — मीच.

त्या वर्षी मोठ्या पिंपाला शिरक्याचा आंबट वास आला. जरासा — नाही, चांगलाच. पण तसं म्हटलं असतं तर काका म्हणाले असते, नीट पिऊन सांग. पिणं मला जमणार नव्हतं. आजवर प्यायलोच नाही, हे सांगणंही जमलं नाही.

"चांगली आहे ना रे?"

"एकदम," मी म्हणालो.

बाटल्या भरल्या, गेल्या आणि आंबट म्हणून परत आल्या. माझ्यावर काकांना शंकासुद्धा आली नाही. ते काकूंना म्हणाले, तू बाटल्या नीट धुतल्या नसशील. काकू पदराला हात पुसत राहिल्या. मी तिथंच उभा होतो, शेजारी. तोंड का उघडलं नाही? भ्यालो, बस. पुढच्या हंगामाआधी काकांनी पिंपं विकली.

गेल्या महिन्यात काकू एका लग्नासाठी रिसोडला आल्या, तिथून आमच्या घरी. मी आधीच फोन करून विनवलं होतं, आईसमोर वाइनचं नाव काढू नका. त्या हसून बरं म्हणाल्या होत्या.

चहा घेताना आईनं विचारलं, "मंग तुमी कारखाना बंद काहून केला, बाई?"

"रस बिघडला हो त्या वर्षी," काकू म्हणाल्या. "माझ्याकडून बाटल्या नीट धुतल्या गेल्या नाहीत."

माझी थाप त्यांनी सांभाळली, आणि माझा दोषही. आई म्हणाली, होते बाई, माणसाच्या हातून चुकते. माझ्याकडं कुणी पाहिलंही नाही.

मी कपबशा उचलल्या, आत नेल्या आणि धुतल्या.